गळतं धाबं आधी नीट करा: लहान मुलाचा एक्झिमा सारखा परत का येतो

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही फैजपूरकडच्या. मुलगा चार वर्षांचा. पाच महिन्यांचा असताना गाल लाल झाले, फुटले. आता कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांमागच्या लवणीत जाड, काळपट चट्टे आहेत, दिवाळीनंतर वाढतात. रात्रभर खाजवतो, सकाळी गादीवर कोंडा पडलेला असतो. सासूबाई म्हणतात मळ साचतो, म्हणून बेसन-हळद लावून घासून अंघोळ होते. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने चार दिवसांत साफ होतं, पंधरा दिवसांत परत येतं. ती स्टिरॉइडची आहे असं कळल्यावर तुम्ही घाबरून बंद केली. दूध, अंडी, वांगी कुणीकुणी बंद करायला लावली. तुम्हाला पाचवा महिना आहे आणि दुसऱ्या बाळाला तरी हे होऊ नये असं वाटतं. कायमचं जाईल का, हा शेवटचा प्रश्न.

मी तेवीस वर्षं जळगावात त्वचेचे पेशंट बघतोय. तुमच्या मुलाला, वर्णनावरून, अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणजे लहानपणीचा एक्झिमा असावा. एकच खात्री करून घ्या. घरात तुम्हाला किंवा इतर कुणाला रात्री खाज येते का? बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत का? असतील तर ती खरूज असू शकते, आणि मग पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी तिचं औषध सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यावं लागतं.

खरूज नाही असं धरून सांगतो.

आपल्याकडची जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं तुम्ही पाहिली असतील, कदाचित माहेरचं तसंच असेल. पावसाळ्याच्या आधी धाब्यावर माती टाकून चोपून घ्यावी लागते. एक वर्ष टाकली नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात घरभर पातेली मांडायची वेळ येते. पातेली मांडावी लागतात, नाहीतर अंथरूण भिजतं. पण पातेल्याने गळती थांबत नाही. तुमच्या मुलाच्या आजारात आजवर फक्त पातेली मांडली गेली. धाब्यावर कुणी चढलंच नाही.

त्वचेचं धाबं म्हणजे तिचा सगळ्यात वरचा थर. वहीच्या कागदापेक्षाही पातळ. त्यात मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. त्यांना मेलेल्या म्हणतो म्हणून लोकांना वाटतं की हा कचरा आहे, घासून काढला पाहिजे. उलट आहे. खालच्या जिवंत पेशी दोन आठवडे प्रवास करत वर येतात त्या हा थर बनण्यासाठीच, आणि पुढचे दोन आठवडे तिथे पहारा देऊन गळून पडतात. या पेशी म्हणजे विटा. विटांच्या मधे जो गारा असतो तो स्निग्ध असतो. त्यातला साधारण निम्मा भाग सेरामाइड नावाच्या चरबीचा, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याला आपण रक्तात घाबरतो. त्वचेत त्याच्यावाचून चालत नाही. या गाऱ्यामुळे अंगातलं पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरत नाहीत.

विटांच्या आत पाणी धरून ठेवणारा मालही लागतो. तो फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनापासून तयार होतो. हे प्रथिन आधी पेशीला चपटं आणि घट्ट करतं, मग स्वतः मोडून त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते तुकडे पाणी धरतात. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असेल तर एक्झिमा होण्याची शक्यता खूप वाढते. त्याआधी आम्हीही हा आजार मुख्यतः ‘आतल्या अ‍ॅलर्जीचा’ समजत होतो. त्यानंतर बाहेरच्या भिंतीकडे लक्ष गेलं.

तुमच्या मुलाचा तळहात उजेडात धरून बघा. रेषा त्याच्या वयाच्या मानाने जास्त आणि खोल आहेत का, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारख्या? मग तुमच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नडग्या बघा. थंडीत तिथे माशाच्या खवल्यांसारखे बारीक चौकोन दिसतात का? दिसत असतील तर भिंतीचा हा कमकुवतपणा घरातूनच आला आहे. यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. गरोदरपणात तुम्ही काय खाल्लं, कुणाच्या लग्नाला गेलात, ग्रहणात काय केलं, याचा काही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माझ्यासमोर बसून या कारणांसाठी रडलेल्या आया मी पाहिल्यात.

आता या भिंतीला फटी पडल्या की काय होतं बघा. पाणी उडून जातं, त्वचा ताणते, खाज येते. फटींतून साबण, धूळ, घाम, जंतू आत जातात. आतल्या पहारेकऱ्यांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, वाटतं हल्ला झाला, ते आग पेटवतात. त्वचा लाल होते, फुगते, आणखी खाज येते. खाजवल्याने नखांनी भिंत आणखी पडते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही आतली आगच फिलॅग्रिन बनवायचं काम मंदावते. म्हणजे ज्या मुलाचं जनुक ठीक आहे त्याचीही भिंत आग पेटलेली असेपर्यंत नीट बांधली जात नाही. म्हणून नुसतं ओलावा राखणारं क्रीम लावून आग विझत नाही, आणि नुसती आग विझवून भिंत उभी राहत नाही. दोन्ही कामं लागतात.

बेसनाबद्दल आता. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनी त्यांची मुलं याच उटण्याने वाढवली आणि निरोगी त्वचेला ते सहन होतं. पण या मुलाच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. एक, घासणं. आधीच सैल झालेल्या विटा तुम्ही रोज खरवडून काढताय. दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. जे अन्न तोंडातून पोटात जातं त्याला शरीर आपलं मानायला शिकतं. तेच अन्न फुटलेल्या त्वचेतून आत शिरलं तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं आणि पुढे त्याची अ‍ॅलर्जी जडू शकते. बेसन म्हणजे हरभरा. आपल्या भागात मालिशीला घाण्याचं शेंगदाणा तेलही वापरतात, त्यालाही हेच लागू. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा आणि बाळपणी अंगाला लावलेल्या शेंगदाणा तेलाच्या मलमांचा संबंध इंग्लंडमध्ये आढळला आहे. मुलाला शेंगदाण्याची चटणी, पिठलं-भाकरी जरूर द्या. अंगाला चोळू नका.

तेल लावायचंच असेल तर खोबरेल चालेल, सूर्यफुलाचंही चांगलं. ढाक्यात कमी दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाचं मालिश केलं तेव्हा त्यांच्यात रक्तात जंतू पसरण्याचं प्रमाण घटलं होतं. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असेल असं समजून शहरातले लोक आणतात. ते नको, त्यातलं एक मेदाम्ल भिंतीचा गारा विस्कटतं. पण कोणतंही तेल एकटं पुरत नाही, ते नुसतं वरून झाकतं.

साबणाचं सांगतो. निरोगी त्वचा किंचित आंबट असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट.) गारा तयार करणारी रसायनं या आंबटपणातच काम करतात. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा. साबण लावला की आंबटपणा जातो, गारा बनायचा थांबतो आणि विटांमधले सांधे तोडणारी रसायनं जागी होतात. फेस जितका जास्त तितकं स्वच्छ, ही आपली सवय या मुलांच्या मुळावर येते. चिठ्ठीवर सिंडेट बार लिहून देतात तो दिसायला साबणासारखाच, पण साबण नसतो. तो बगल, जांघ आणि पायांना पुरे. बाकी अंगाला नुसतं पाणी.

आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार असतात. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो तुम्ही रोज बघत असाल. असं जड पाणी साबणाबरोबर चिकट साय बनवतं आणि ती अंगावर राहते. म्हणून पाणी मऊ करायचं मशीन घ्यावं का, असं बरेच विचारतात. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर याची नीट चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला. मशीन बसवलेल्या घरांतल्या मुलांना जास्त फायदा झाला नाही. ते पैसे क्रीमवर घाला.

अंघोळ रोज करा, कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं. बंबाचं कढत पाणी नको. टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका. अंग किंचित ओलं असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, मोरीच्या दारातच क्रीम लावा. टीव्हीसमोर नेऊन मग लावू म्हटलं की अंग सुकलं आणि अर्धा फायदा गेला. दिवसातून दोनदा, चट्टा असो वा नसो, डोक्यापासून पायापर्यंत. हेच ते धाब्यावर माती टाकणं.

किती लावायचं हे मोजून सांगतो, कारण इथेच सगळं बिघडतं. चार वर्षांच्या मुलाला आठवड्याला शंभर ते दोनशे ग्रॅम क्रीम लागतं. तुम्ही पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवली तर ते लावल्यात जमा नाही. महागडं सेरामाइडचं क्रीम परवडत नसेल तर साधं पांढरं पेट्रोलियम जेली घ्या, वासाचं नको. पाणी उडू न देण्यात त्याच्याइतकं चांगलं फारसं काही नाही. मात्र मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा जेलीखाली घाम अडकून घामोळ्या येतात. उन्हाळ्यात पातळ लोशन, हिवाळ्यात जेली किंवा घट्ट क्रीम. युरिया असलेलं क्रीम मोठ्यांच्या टाचांना उत्तम, पण फुटलेल्या कोवळ्या त्वचेवर चुणचुणतं. एकदा झोंबलं की मूल पुढे कोणतंच क्रीम लावू देत नाही.

आता स्टिरॉइड. तुमची भीती चुकीची नाही, पण ती चुकीच्या जागी आहे.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली ती ट्यूब बहुधा तीन औषधांची खिचडी असेल: एक जोरदार स्टिरॉइड, एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ती मिळतात. असं जोरदार स्टिरॉइड लहान मुलाला महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि भिंतीचा गाराही कमी बनतो. नायट्यावर लावलं तर नायटा दबतो, पसरतो आणि ओळखू येईनासा होतो. त्या ट्यूबला घाबरा.

पण मुलाच्या वयाला आणि जागेला बघून दिलेलं सौम्य किंवा मध्यम स्टिरॉइड, ठरलेले दिवस, पुरेसं लावलं तर ते आग विझवणारं आपलं सगळ्यात भरवशाचं औषध आहे. इथे माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी आयांना सांगायचो, ‘थोडंसंच लावा हं, जपून.’ एक आई आठ महिन्यांनी परत आली. मुलगी तशीच खाजवत होती. आईने पर्समधून पंधरा ग्रॅमची तीच ट्यूब काढली, अजून पाव भरलेली होती. तिने किती काळजी घेतली हे ती मला दाखवत होती. मी घातलेल्या भीतीमुळे त्या मुलीने आठ महिने अर्धवट आगीत काढले. तेव्हापासून मी ‘थोडंसं’ हा शब्द सोडला आणि बोट दाखवायला लागलो.

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटं धरून. मुलाचे चट्टे आपल्या हाताने मोजा. चार हात भरले तर दोन रेघा. दिवसातून एकदा. चट्टा नुसता फिका होईपर्यंत नाही, तर बोट फिरवल्यावर शेजारच्या त्वचेसारखा मऊ लागेपर्यंत. डोळ्याला बरं दिसतं त्याच्या बरेच दिवस नंतर खालची आग विझते. तुम्ही चौथ्या दिवशी थांबत होता म्हणून पंधराव्या दिवशी परत येत होतं. मऊ झाल्यावर एकदम बंद न करता, ज्या जागी नेहमी उठतं तिथे आठवड्यातून दोन दिवस, काही महिने, डॉक्टर सांगतील तसं. गाल, पापण्या, मान इथे टॅक्रोलिमस नावाचं, स्टिरॉइड नसलेलं मलम वापरतो, त्याने त्वचा पातळ होत नाही. पहिले तीन-चार दिवस झोंबतं, हे आधीच सांगून ठेवतो. पोटातून स्टिरॉइड मात्र या आजारात देऊ नये. पाच दिवस स्वर्ग वाटतो आणि मग पहिल्यापेक्षा जोरात उसळतं. फार वाईट आजार असलेल्यांसाठी आता नवी इंजेक्शनं आणि गोळ्या आल्या आहेत. तुमच्या मुलाला त्यांची गरज लागेल असं वर्णनावरून वाटत नाही.

खाज फार असेल त्या रात्री मलम आणि क्रीम लावून वर ओलं, पिळलेलं सुती कापड, त्यावर कोरडं सुती कापड गुंडाळा. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम. लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती सदरा. नखं आठवड्यातून दोनदा कापा. खाजेचं जे गोड औषध पाजता त्याने झोप येते, एक्झिमाची खाज फारशी जात नाही.

दूध आणि अंडी आजच परत सुरू करा. अमुक खाल्ल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, असं घडलं असेल तर सांगा, मग विचार करू. नसेल तर बंद करायचं कारण नाही. रक्ताच्या अ‍ॅलर्जी तपासणीत अशा मुलांचे दहा-बारा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ येतात आणि त्यातले बहुतेक ते मूल आरामात पचवत असतं. तो कागद बघून बंद केलेल्या दुधामुळे सुकलेली मुलं माझ्याकडे येतात. वांग्याचं भरीत तिखट असतं, तोंडाभोवती फुटलेली त्वचा त्याने झोंबते, एवढंच. जेवायच्या आधी ओठांभोवती जेली लावा.

भिंत तुटली की काय होतं हे मला सगळ्यात चांगलं एका बाईच्या हातांनी शिकवलं. नंदुरबारकडची, मिरचीच्या पथारीवर देठ खुडायचं काम वीस वर्षं करणारी. इतकी वर्षं मिरचीने तिचं काही बिघडवलं नव्हतं. मग घरी लग्न झालं, आठ दिवस राखेने आणि कपड्याच्या साबणाने ढिगाने भांडी घासली. बोटांची पेरं फुटली. पुढच्या आठवड्यात पथारीवर गेली आणि दोन तासांत उठली. ‘हातसनी आग व्हस,’ एवढंच म्हणत होती, भाकरी थापता येईना. मिरची तीच होती, वाट आता उघडी पडली होती. तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हात धुवायच्या आधी खोबरेल चोळून कापडाने पुसायला सांगितलं, कामावर आत सुती आणि वर रबरी मोजे, रात्री मलम आणि जेली लावून सुती मोजे. आग आठवड्यात गेली. पण बोटं पहिल्यासारखी व्हायला दोन महिने लागले. दिसायला बरी झालेली त्वचा आतून सावरायला वेळ घेते, तोवर ढील देऊ नये.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचंही बघा. हिवाळ्यात साठीपुढच्या माणसांच्या नडग्यांवर, उन्हाळ्यात आपली काळी जमीन तडकते तशा बारीक भेगा पडतात. वयाने गारा कमी झालेला असतो आणि कढत पाण्याची सवय सुटलेली नसते. तिथेही हेच, कोमट पाणी आणि जेली. पण शेतात जाणाऱ्या माणसाला पन्नाशीत पहिल्यांदाच चेहरा, मान, कोपरांच्या आत एक्झिमा झाला आणि पावसाळ्यात वाढला, तर बांधावरच्या गाजर गवताचा संशय घ्या. त्याचे कण हवेतून लागतात. तो वेगळा आजार आहे, त्याची पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून करायची तपासणी, करावी लागते.

दुसऱ्या बाळाबद्दल. जन्मल्यापासून रोज क्रीम लावलं तर एक्झिमा टळेल अशी आम्हा सगळ्यांना आशा होती. इंग्लंडमध्ये घरात असा त्रास असलेल्या सुमारे चौदाशे बाळांवर ते करून बघितलं, २०२० मध्ये निकाल आला. टळला नाही. त्यामुळे आधीपासून लावत बसू नका. साबण कमी, उटणं नको, अंगावरचं दूध पाजा आणि सहाव्या महिन्यानंतर घरातलं सगळं अन्न वेळेवर सुरू करा, अंडं आणि शेंगदाण्याची पेजही. कोरडेपणा दिसला त्या दिवसापासून क्रीम.

कायमचं जाईल का? बऱ्याच मुलांचा शाळेच्या वयात उतरतो, पुष्कळांचा किशोरवयापर्यंत जातो. भिंतीचा नाजूकपणा राहतो, म्हणून मोठेपणी गवंडीकाम, सलून, भांडी घासण्याची कामं यांत हात लवकर फुटतात. त्याला ते माहीत असावं.

एका गोष्टीत मात्र वाट बघू नका. चट्ट्यांवर अचानक एकसारख्या आकाराच्या, मधे खड्डा असलेल्या पुळ्या किंवा टोचल्यासारख्या गोल जखमा आल्या, ताप आला, मूल मलूल झालं, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. पिवळे खपले धरले, पाणी गळायला लागलं तर एक-दोन दिवसांत दाखवा.

दाखवायला जाल तेव्हा मुलाला आंघोळ घालून, क्रीम लावून चकचकीत करून नेऊ नका, आहे तसा न्या. घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला, संपलेल्या, नाव पुसलेल्या, शेजारणीने दिलेल्यासुद्धा. आणि सासूबाईंना बरोबर न्या, अंघोळ त्या घालतात.